गुलाबी मंडपातली स्पॅनिश

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी, चौसाळ्यात माझ्या साडूंच्या ओट्यावर असं ठरलं की, प्रत्येक घरामागे अकरा हजार रुपये काढायचे, दोन्ही कुटुंबांनी समुद्रावर मुक्कामाला जायचं आणि तिथे स्पॅनिश भाषा शिकायची. हजर पाच जण होते: साडू, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, माझी बायको, बारावीत शिकणारी आमची मुलगी आणि मी. विरोधात एक मत पडलं. ते कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्या साडूंइतका दुसऱ्याचं न ऐकणारा माणूस नाही, आणि असलाच तर त्याच्या साडूबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

साडूंचा मंडपाचा धंदा आहे. चौसाळा, नेकनूर, पाली, या भागात त्यांच्या कापडाखाली अक्षता पडल्या नाहीत असं घर सापडणं कठीण. धंदा चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की, हा माणूस धंदा घरी ठेवून कुठे जातच नाही. मोकळी जागा दिसली की त्यांचे डोळे ती मोजायला लागतात. नेकनूरला एका मयताला आम्ही बरोबर गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, साडू एकटे मान वर करून. मला वाटलं, वर बघून देवाला जाब विचारताहेत. थोड्या वेळाने सरकत सरकत माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "पाव्हणं, हितं वीस बाय चाळीसचा बसंल. निस्तं त्ये लिंबाचं झाड आडवं येतंय." माझ्या घराच्या वास्तुशांतीला मी मुद्दाम दुसऱ्याकडून मंडप घेतला होता, नात्यात व्यवहार नको म्हणून. साडू पाहुणे म्हणून आले, नवा सदरा घालून. आले ते थेट शिडीवर चढले. खाली होम चाललेला, वर हे गाठी सोडताहेत आणि नव्याने मारताहेत. गुरुजींची आहुती तीनदा थांबली. मी खालून ओरडलो तर वरून उत्तर आलं, "गाठ चुकीची हाय. वारं आलं तर पूजंसकट पालीच्या धरणात जाताल." त्या दिवशी झाडाचं पान हललं नाही. जेवणं मात्र दीड तास उशिरा झाली, आणि लोक अजून ते मला ऐकवतात, साडूंना नाही.

शंभर माणसांच्या खाली त्यांना विचारच करता येत नाही. त्यांच्या घरातलं चहाचं सगळ्यात लहान पातेलं वरातीला पुरेल एवढं आहे. आम्ही तिघे गेलो तरी अक्का त्या पातेल्याच्या तळाशी तीन कप चहा करते आणि तो ओतताना पातेलं धरायला दुसरं माणूस लागतं. दुसऱ्याच्या छताखाली झोपणं त्यांना मान्य नाही. लग्नकार्याला परगावी गेले की यजमानाने दिलेली खोली सोडून स्वतःच्या टेम्पोवर ताडपत्री टाकून निजतात. "कावून जायचं लॉजवर?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. "आपल्याकडं कापड न्हाई का?" या प्रश्नाला सभ्य उत्तर नाही. मी पुष्कळदा शोधलं आहे.

आता स्पॅनिशचं कारण. साडूंची एकुलती एक मुलगी शिकून स्पेनला नोकरीला गेली, तिकडे समुद्रकाठच्या एका गावात राहते, आणि लग्नही तिने तिकडच्याच मुलाशी केलं. तिची मुलगी आता सहा वर्षांची आहे. नात दर रविवारी फोनवर दिसायची. तिला स्पॅनिश येते, बापाची म्हणून, शाळेची म्हणून. आईची मराठी तिने कानाआड केली. ती फोनमध्ये बघून भरभर काहीतरी सांगायची, दात पडला असेल, मांजर व्यालं असेल, देव जाणे. इकडे साडू आणि अक्का एकमेकांकडे बघायचे आणि मोठ्याने हसून म्हणायचे, "हो हो! शाब्बास गं बाई!" एका रविवारी ती असंच काही सांगत होती. सांगता सांगता तिचे डोळे भरले, आणि इकडून दोघंही हसून म्हणाले, "हो हो! शाब्बास!" पोर उठली आणि निघून गेली. मागून साडूंच्या मुलीने सांगितलं की तिची मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला गेली, ते ती आजोबांना सांगत होती. त्यानंतर नात फोनवर येईना. आईने ओढून आणली तरी नुसता कान दिसायचा.

हे मला अक्काने सांगितलं. साडूंनी यातलं काहीच सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "नाताळाच्या सुटीत पोरी येनार हायेत. त्याच्या आत भाषा आली पायजे." मी म्हणालो, शिकवणी लावा, फोनवर शिका, घरात बसून शिका. माझ्या या तीनही सूचना स्वस्त होत्या. त्यावर त्यांनी मला त्यांचा सिद्धान्त ऐकवला. साडूंचे आईवडील ऊसतोडीला जायचे. साडू लहान असताना एका वर्षी टोळी कर्नाटकात गेली. कारखान्याच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोप्या घातल्या, आणि एका हंगामात हे पोरगं कानडी बोलायला लागलं. आजही बांबू हलकासा तिरका झाला की ते त्याला कानडीत शिव्या देतात, आणि त्यांच्या माणसांचं म्हणणं असं की बांबू ऐकतो. "शाळंत मला मराठीबी धड आली न्हाई," साडू म्हणाले, "आन् कोपीत कानडी आली. भाषा घरात येत न्हाई, पाव्हणं. घर सोडून पाल ठोकलं की येती."

मी म्हणालो, "अहो, तिथे आजूबाजूला कानडी माणसं होती. समुद्रावर स्पॅनिश माणूस कुठून आणणार?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच मूर्ख. "पोरीचं गाव समुद्रावर हाय का न्हाई? मग!"

या 'मग'पुढे माझा कुठलाही हिशेब टिकला नाही. मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या फाटकापासून रस्त्यापर्यंत उभ्या असतात. त्या दिवसांत रजा मागणं म्हणजे पेरणीच्या सकाळी बैल विकायला काढणं. मी ती मागितली. मालक मला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. बायको म्हणाली, "अक्कासाठी चला." मुलीचा अभ्यास बुडणार, माझी कंबर दुखणार, जिनिंगमध्ये नोंदींचा गोंधळ होणार, हे सगळं मी निघायच्या आधी मोजून सांगितलं होतं. पुढे त्यातलं प्रत्येक खरं झालं.

मला वाटलं होतं, मुक्कामाला जायचं म्हणजे दुकानात मिळतात तसे दोन छोटे तंबू घेऊन जायचं. सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. त्यात चाळीस बांबू, कनाती, दोरखंडाची भेंडोळी, प्लॅस्टिकच्या पन्नास खुर्च्या, ते चहाचं पातेलं, कर्णा आणि सगळ्यांवर नव्या चादरीत गुंडाळलेला कापडाचा एक प्रचंड गठ्ठा. त्या टेम्पोच्या मागे, त्याच्या चालीने, आम्ही माझ्या गाडीतून कोकणात उतरलो. घाटात मागच्या गाड्यांनी जे हॉर्न वाजवले ते साडूंना नव्हते, मला होते, कारण मी मागे होतो.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे आम्हाला अजून विसरले नसतील. समुद्राला लागून एका म्हाताऱ्या बागायतदाराची नारळाची वाडी होती, तिच्या टोकाला मोकळी जागा भाड्याने घेतली. साडूंनी गठ्ठा सोडला आणि आतून निघालं गुलाबी साटीन. नवं कोरं, चांदीच्या रंगाची झालर, चारी बाजूंना मोत्यांच्या माळा. संध्याकाळच्या आत नारळाच्या झाडांमध्ये शंभर माणसांचा लग्नमंडप उभा राहिला, आणि त्यात आम्ही पाच जण. वाडीवाले आजोबा काठी टेकत आले, मंडपाभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "लग्न कुणाचं म्हणायचं, महाराजा?"

"लग्न नाही," मी म्हणालो.

"मग मुंज?"

"स्पॅनिश शिकायची आहे."

त्यांनी काठीने झालर जरा उचलून पाहिली. मग म्हणाले, "असो. लोकं आली का सांगा, विहिरीवरचा पंप चालू करून देतो." दुसऱ्या दिवशी शेजारची एक म्हातारी खरोखरच नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन आली. नवरी दाखवा म्हणाली. अक्काने तिची ओटी भरून परत पाठवली. काय सांगून पाठवली, ते मला माहीत नाही.

शाळा पहाटे सुरू व्हायची. आमच्या मुलीच्या फोनमध्ये धडे होते, फोन कर्ण्याला जोडलेला. उजाडायच्या सुमाराला, ज्या कर्ण्यातून एरवी 'वधूपित्याने स्टेजकडे यावे' ऐकू येतं, त्यातून एक परदेशी बाई समुद्रालाही दचकवेल अशा आवाजात ओरडायची, "बुएनोस दियास!" म्हणजे शुभ सकाळ, आणि साडू दात घासत, दोन्ही हात वर करून, तिच्याहून मोठ्याने उत्तर द्यायचे. दिवसभर त्यांचं चालू. पातेलं मागायचं तरी स्पॅनिशमध्ये, म्हणजे पातेल्याकडे बोट दाखवून स्पॅनिशमधले माहीत असलेले सगळे शब्द एकापाठोपाठ म्हणायचे. भूक लागली की पोटावर हात मारून "तेंगो आंब्रे!" अक्का "आगुआ, पोर फाबोर" म्हणत पाणी मागायची तेव्हा पदर तोंडाला लावायची, जणू काही नवऱ्याचं नाव घेतेय. भातात वाळू, अंथरुणात वाळू, माझ्या कानात वाळू, आणि वर दंड. दंडाचा नियम साडूंचा: मंडपाखाली मराठी बोललं की एका वाक्याला दहा रुपये. खिळे ठेवायचा पत्र्याचा डबा रिकामा करून त्यात पैसे टाकायचे, आणि राखणीला आमची मुलगी, जी फिजिक्सचं पुस्तक मांडीवर उघडून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी मंडपाबाहेर जाऊन बोलायला लागलो, तर साडूंनी नियम वाडीच्या कुंपणापर्यंत वाढवला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं फार जातंय." त्या वाक्याचे दहा तिनेही भरले. एवढी प्रामाणिक मुलगी मीच वाढवली आहे, त्यामुळे तेही कुणाला सांगता येईना.

आणि मग वारं सुटलं. दुपारची वेळ होती. पश्चिमेकडून एक झोत आला आणि मंडप वर उचलला गेला, भरल्या पोटासारखा फुगला. साडू "बा इल्ली! बा इल्ली!" म्हणजे कानडीत 'इकडे ये' असं ओरडत दोरीला लोंबकळले. बांबू तडतडले, एक खांब माझ्या गाडीच्या छपरावर पडला, झालर नारळाच्या झावळीत अडकून टराटरा फाटली आणि पन्नास खुर्च्यांपैकी निम्म्या समुद्राकडे घसरत निघाल्या. त्या आणायला मी धावलो, आणि तिथे माझी कंबर धरली. वाकलेल्या अवस्थेत, एका हाताने खुर्ची ओढत मी परत आलो. साडू उताण्या पडलेल्या मंडपावर बसून दोरी गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "नो पासा नादा." म्हणजे काही बिघडलं नाही.

मी खिशातून शंभराची नोट काढली, डब्यात टाकली आणि मुलीला म्हणालो, "दहा वाक्यं. मोज."

राग आला की माझं लिहिण्यातलं मराठी गळून पडतं. "तुमी मानूस हाय का मंडप?" इथून मी सुरुवात केली. वास्तुशांतीची गाठ काढली. मयताचं लिंबाचं झाड काढलं. जिनिंगच्या मालकाचे शब्द, जे वर लिहिले नाहीत, ते तिथे बोललो. गाडीच्या छपराला पडलेला पोचा दाखवला. "साठ वर्सांच्या मानसाला भाषा येत नसती, आला तर दमा येतो," असंही म्हणालो. पोरीच्या बारावीचं काय, हे विचारलं. साडू दोरी गुंडाळत राहिले, आणि त्याने मला आणखी चढली. मुलगी बोटं मोजत होती. नववं वाक्य मी पूर्ण ताकदीने काढलं: "आन् आनायचंच व्हतं तर जुनं कापड आनायचं, ह्ये नवं कोरं साटीन कावून आनलं समुद्रावर फाडायला?"

साडूंचे हात थांबले. अक्का झावळीतून सुटलेली झालर गोळा करत होती. तिने ती खाली ठेवली, कनवटीची चंची सोडली, दहाची नोट काढून डब्यात टाकली आणि एकच वाक्य बोलली.

"ह्यो मंडप यांनी पोरीच्या लग्नासाटी शिवून घेतलता."

हे मला माहीत नव्हतं. पोरीचं लग्न तिकडे एका कचेरीत सह्या करून झालं होतं, चार माणसांत. साडू तेव्हा "झालं ते चांगलं झालं" म्हणाले, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी नेकनूरला कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाचा मंडप घालायला गेले. हे गुलाबी कापड चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं असणार. त्याला पहिल्यांदा वारा लागला तो या वाडीत.

मुलीने नऊ बोटं धरून माझ्याकडे बघितलं. दहावं वाक्य माझ्याकडे होतं, पण ते मी बोललो नाही. माझा राग गेला होता असं नाही. गाडीचा पोचा तसाच होता, कंबरही. फक्त बोलायला जागा राहिली नव्हती. मी खाली बसलो आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी मंडप पुन्हा उभा राहिला, एका कोपऱ्यात अक्काने घातलेले टाके. संध्याकाळी साडूंच्या मुलीचा फोन आला; तिकडे तेव्हा दुपार. नात नेहमीप्रमाणे समोर नव्हतीच, नुसता कोपऱ्यात तिचा कान. साडू फोन लांब धरून समुद्र दाखवत होते, तेवढ्यात वाऱ्याने गुलाबी झालर फोनसमोर आली. कान हलला. मग एक डोळा आला. मग सगळी पोर आली आणि बोट दाखवून तिने विचारलं, "के एस एसो?" ते काय आहे? आमच्या कर्ण्यातल्या बाईच्या तिसऱ्या धड्यात हाच प्रश्न होता. साडूंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मंडपाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तू कासा." तुझं घर.

पोर हसली. मग एवढं बोलली, एवढं बोलली, की आम्हाला त्यातलं काही म्हणजे काही समजलं नाही. पण या वेळी कुणी 'हो हो, शाब्बास' म्हटलं नाही. साडू प्रत्येक वाक्यानंतर हात वर करून तिला थांबवायचे, पुन्हा सांग म्हणून खूण करायचे, आणि ती पुन्हा सांगायची. एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही: त्यांचा सिद्धान्त खरा ठरला. तोसुद्धा माझ्यासमोर.

निघताना वाडीवाले आजोबा भाड्याचे पैसे घेऊन म्हणाले, "ग्रासियास, महाराजा." आभार मानण्यापुरती स्पॅनिश त्यांनी कुंपणाच्या पलीकडून, फुकट शिकून घेतली होती.

नाताळात पोरी आल्या. जावयाला सुटी नव्हती, तो आला नाही. चौसाळ्याला अंगणापासून रस्त्यापर्यंत गुलाबी मंडप. नातीने गाडीतून उतरून वर बघितलं, तेव्हा साडूंनी टेम्पोत बसून पाठ केलेला शब्द अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा उच्चारला, "बिएनबेनीदा!" सुस्वागतम. डब्याचा नियम तिला फोनवरच कळला होता. तिने आल्याबरोबर डबा ताब्यात घेतला आणि वसुली सुरू केली. दूधवाल्याकडून दहा, वायरमनकडून दहा, माझ्या बायकोकडून तर मोजदाद नाही. मी रविवारी बीडहून जायचो, तेव्हा दारातच सुटे काढून ठेवायचो. एकटे साडू असे की त्यांनी एक रुपया भरला नाही. जेमतेम चाळीस शब्दांत त्यांनी पंधरवडा काढला. नातीला टेम्पोवर बसवून हिंडवलं, शेरडांची नावं सांगितली, बांबूला गाठ मारायला शिकवली, सगळं त्या चाळीस शब्दांत आणि हातवाऱ्यांत. नातीला त्याचा फार अभिमान. ती रोज रात्री जेवताना डबा वाजवायची, सगळ्यांकडे बोट दाखवायची आणि शेवटी आजोबांच्या गळ्यात पडून म्हणायची, "आबुएलो, सेरो!" आजोबा, शून्य!

निघायच्या दिवशी मीही होतो. गाडी मंडपाखाली उभी, सामान चढलेलं, साडूंची मुलगी पुढच्या सीटवर, नात मागे, मांडीवर डबा. साडू खिडकीशी आले आणि उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. चाळीस शब्दांत जे नव्हतं, ते त्यांना बोलायचं होतं. मराठीत बोलावं तर शून्य मोडतं. नात त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ड्रायव्हरने गाडी चालू केली. मला या माणसाचा जेवढा राग त्या क्षणी आला तेवढा वारं सुटलं तेव्हाही आला नव्हता. एवढा अख्ख्या जिल्ह्याला कर्ण्यातून ओरडून सांगणारा माणूस, आणि दहा रुपयांसाठी मुका!

मी म्हणालो, "साडू, माझं समुद्रावरचं एक वाक्य शिल्लक आहे. पैसे भरलेले आहेत. ते तुम्ही वापरा." नातीने लगेच माझ्यापुढे हात केला. हिशेबाच्या कामाचा म्हणून स्पॅनिशमधला एक शब्द मी शिकून ठेवला होता, तो म्हणालो: "पागादो." भरले. तिने आईकडे बघितलं, आईने मान हलवली, हात मागे गेला.

साडूंनी खिडकीची काच धरली आणि एक वाक्य बोलले.

"हे बघ माय, तू जा पन ध्यानात ठेव की हितं तुझा एक मंडप हाय, त्याचं फाटलेलं टोक तुझ्या आज्जीनं शिवलंय, आन् त्यो मी कुनाच्याच लग्नाला द्यायचा न्हाई, दुप्पट भाडं दिलं तरी न्हाई, आन् तू मोठी झाल्यावर तुला वाटलं तर त्याच्याखाली उभी ऱ्हा, न्हाई वाटलं तर निस्ती निज, वारं लई ग्वाड लागतं, आन् तुझ्या आईवर मी कदी रागावलो न्हवतो, तिला वाटत आसंल की रागावलो, पन न्हवतो, मला निस्तं घालायचा व्हता मंडप, येवढंच, आन् कचेरीत सह्या झाल्या त्याबी चांगल्याच झाल्या, आन् तू फोनवर रडलीस तवा आमी हसलो त्ये आमाला कळलं न्हवतं म्हनून, आता कळंल, न्हाई कळलं तर पुन्ना सांग, दहा डाव सांग, आन्..."

त्यांना पूर्णविराम सापडेना. ते वाक्य कुठे संपलं की मध्ये कुठे एकाची दोन-तीन वाक्यं झाली, हे मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही. नातीला त्यातला एक शब्द कळला नसेल, पण तिने शेवटपर्यंत ऐकलं, डब्यावर दोन्ही हात ठेवून. पुढच्या सीटवर मुलीने तोंड दुसऱ्या खिडकीकडे केलं होतं. तिला सगळं कळत होतं.

गाडी रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की डबा पोरीबरोबर गेला. त्यात आठशे सत्तर रुपये होते. समुद्रावरचे शंभर आणि त्याआधीचा दंड माझा, दहा अक्काचे, दहा आमच्या मुलीचे, बाकीचे चौसाळ्याचे. मी साडूंना म्हणालो, "अहो, आपल्या नोटा तिकडे चालत नाहीत. तिला काय उपयोग?"

साडू मंडपाची एक सैल गाठ सोडून पुन्हा मारत होते. वर बघूनच म्हणाले, "मग खर्चायला हितंच यावं लागंल की, पाव्हणं."